हुंबरवड्याचा तुटका कडा

दोष दाजी गावकाराचा. हुंबरवड्याचा सडा, म्हणजे गावामागचे कातळाचे पठार, समुद्रापाशी सुरीने कापल्यासारखा सरळ तुटला आहे, तो देवीच्या कोपाने, असे म्हातारे सांगतात. कोपबीप काही नाही. तिथे वाडी होती, आणि ती वेळेवर हलू दिली नाही ती ह्या गावकाराने, गावच्या पहिल्या मानकऱ्याने.

असे सांगतात की मुळात सगळी भुई एकसंध होती, तव्यावरच्या भाकरीसारखी. मग ती भेगाळली. एक तुकडा समुद्रापलीकडे राहिला, आपला तुकडा सरकत सरकत इकडे आला, आणि अजून सरकतोच आहे. ही गोष्ट दाजी गावकार स्वतः दर जत्रेला देवळात बसून सांगायचा, पोरांना दटावून ऐकवायचा. पण भुई सरकायची ती गोष्टीत. त्याच्या दाराखालची कशी सरकेल? तिथे तर त्याचा मान होता.

एका वर्षी त्याच्या सुनेच्या, येसूच्या, लक्षात आले की दाराची कडी कोयंड्यात बसत नाही. सासूने, भिवराने, चौकट तासून घेतली, तरी बसेना. परसातल्या ज्या भेगेवरून कोंबडीची पिल्ले उड्या मारायची, तिच्यात एक दिवस कोंबडीच पडली. येसूने सासऱ्याला सांगितले, वाडी आत, देवळाकडे हलवू या.

गावकाराने देवीला कौल लावला. देवीच्या अंगावर पाण्याने चिकटवलेल्या फुलांतले उजवे पडले तर हो, डावे पडले तर नाही. वाडी इथेच राहू द्यायची का, असे विचारले. डावे पडले. गाऱ्हाणे नीट घातले नाही म्हणून पुन्हा लावला. पुन्हा डावे. मग म्हणे फुलेच शिळी. उजवे पडेपर्यंत तो लावत राहिला, आणि भोवतीचे मानकरी एकजात माना डोलवत राहिले.

येसूने ते पाहिले, घरी आली आणि चुलीतले निखारे मडक्यात भरू लागली. चूल हलली की घर हलले, आणि ते गावकाराला विचारल्यावाचून कुणी करत नसे. तो दारात आडवा उभा राहिला.

"जमीन चलतली? तिका पाय आसत?"

"देवीन एकदा नाय म्हटल्यान, मामांजी. तुमका आयकूचा नव्हता," येसू म्हणाली. "बाजूक व्हा, हात भाजतत."

तो हलला नाही. ती मागच्या दाराने निघाली, आणि जाताना तिने भिवराचा हात धरला. गावकाराने बजावले, गावकाराची चूल विझायची नाही, तिच्यापाशी बायकोने बसायचे. भिवराने हात सोडवून घेतला आणि चुलीपाशी जाऊन बसली. वाडीतल्या बाकीच्या सुना मात्र आपापले निखारे घेऊन येसूमागून चालू लागल्या, आणि मग लाजेकाजेने त्यांचे नवरे.

दुसऱ्या दिवशी गावकार देवळात गेला, सुनेविरुद्ध कौल घ्यायला. तो फूल चिकटवत असताना पायाखालची फरशी थरथरली म्हणे, आणि सड्याची कड भेगेपासून सुटून वाडीसकट समुद्रात गेली.

आजही हुंबरवड्यात कौल एकदाच लावतात. आजही नवी सून पहिल्या सकाळी मडक्यात निखारे घेऊन कड्यापासून देवळापर्यंत चालत येते. त्यासाठी तिने थोरांना विचारायचे नसते. विचारलेच, तर बायका तिला हसतात.

दाजी गावकार पुढे पुष्कळ जगला. मान तसाच राहिला, गावाने घराला नवी जागाही दिली. त्याची बायको गेली.