सदबा आणि मध्येच बोलणारे बिल्ले

एका गावात एक भोळा सदबा होता. भोळे काय, गावोगाव असतात. पण हा पठ्ठ्या सगळं नीट ऐकून घ्यायचा आणि मग चुकायचा.

तो चिमाकाकूंच्या शेळ्या राखी. शेळ्यांच्या कानात बिल्ले होते आणि गोठ्याच्या दाराशी एक यंत्र. शेळी आत आली की बिल्ल्याचं बोलणं यंत्राला ऐकू जाई आणि यंत्र ‘टिंग’ करी. टिंग झालं नाही, तर शेळी रानात राहिली, लांडग्याच्या तोंडी. “यंत्र नीट सांभाळ,” काकूंनी सांगितलं होतं, “मग भिवराच्या बापाशी तुझ्या लग्नाचं बोलते.” खालच्या वाडीतल्या भिवरावर सदबाचा फार जीव होता.

पहिल्याच संध्याकाळी शेळ्या धक्काबुक्की करत घुसल्या. यंत्र एकदा टिंग करून मुकं झालं.

“आरं, समद्या एकदम घुसल्या की बिल्ले एकदम बोलत्यात. यंत्राला काय डोंबल कळणार? दारात उभा ऱ्हा. एकेकीला सोड.”

“बरं काकू.”

दुसऱ्या दिवशी देवळात भंडारा होता. सदबा दारात उभा राहिला. पहिला माणूस जेवून, हात धुऊन, सुपारी कातरून बाहेर आला, तेव्हा दुसऱ्याला सोडलं. आमटी गार झाली, लोक गरम झाले.

“खुळ्या, देवळात कुठं यंत्र हुतं?”

“म्हणून तर काकू, टिंग मीच म्हणत होतो.”

मग यंत्र चळलं. एकाच शेळीला दोनदोनदा टिंग करू लागलं. काकूंनी पाहिलं, तर दाराशी लोखंडी पत्रा टेकवलेला.

“बिल्ल्याचं बोलणं लोखंडावर आपटून माघारी येतंय. यंत्राजवळ लोखंड म्हणून ठेवू नगं. लांब टाक.”

“बरं काकू.”

सदबाने पत्रा नेला. घमेलं नेलं, कुदळ नेली. शेवटी गोठ्याचं फाटक उचकटून ओढ्यापलीकडे टाकलं. शेळ्या थेट शेजाऱ्याच्या मेथीत.

“फाटक का रं काढलंस?”

“लाकडाचं होतं का, काकू?”

“न्हाई.”

“मग?”

काकूंना उत्तर सुचेना. शेजाऱ्याला मात्र पुष्कळ सुचलं.

नवं फाटक बांबूचं केलं. तरी दोन आजारी शेळ्या आत यंत्राशेजारीच बांधलेल्या, त्यांचे बिल्ले उगाच मध्ये बोलत. काकूंनी पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आणून दिला.

“जो मधीच बोलंल, त्याला ह्यात गुंडाळ. गप बसतोय.”

“बरं काकू.”

त्या संध्याकाळी यंत्राने एकूण एक शेळी बरोबर सांगितली. काकूंना कोण आनंद झाला! त्यांनी लगेच भिवराच्या बापाला निरोप धाडला.

पाहुणे घर बघायला आले. बाप रावजी, आत्या आणि हट्ट करून आलेली भिवरा. सदबा अंग चोरून बसला. मांडीवर चंदेरी कागदाची गुंडाळी.

“पोरगा कष्टाळू हाय,” काकूंनी सुरुवात केली.

“त्या फाटकाचं काय झालं म्हनं?” आत्या मध्येच बोलल्या.

सदबा उठला. आत्यांचं डोकं चंदेरी झालं.

“आरं, हे काय!” रावजी मध्येच ओरडला. रावजीही चंदेरी झाला.

भिवरा पदर तोंडात कोंबून हसू लागली. रावजीने कागद ओरबाडून काढला, आत्यांना सोडवलं आणि चप्पल शोधू लागला. “चल गं पोरी! येडा हाय ह्यो!”

भिवरा जागची हलली नाही. काकू रडकुंडीला येऊन हात जोडू लागल्या. “थांबा पाव्हणं, पोरगं मनानं लई—”

“बाबा,” भिवरा मध्येच बोलली, “लगीन करीन तर ह्याच्याशीच क—”

सदबा तिथे पोचलाच होता. उरलेला सगळा कागद त्याने तिच्या तोंडाभोवती नीट गुंडाळला, कडा दाबल्या आणि समाधानाने हात झटकले.

“बोला काकू, आता कुणी मध्ये बोलत नाही.”