जावयांचं न्हाणं

एका अधिक महिन्यात मी नेम धरला होता: रोज कुणाला तरी हसवायचं, मगच पानावर बसायचं. देवानं निभावून नेलं! तेव्हा सांगितलेलीच ही एक गोष्ट.

मानाजीराजांचे दोन्ही जावई रुसले! अधिक महिन्याच्या वाणासाठी आलेले, आणि जेवेनात.

झालं असं, राजांनी नवं न्हाणीघर बांधलं होतं. भिंतीत पितळी तोट्या: हत्ती, मोर, सिंह, मासा. थोरल्या जावयांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी हत्तीची सोंड फिरवली, तर कढत पाणी अंगावर!

"आम्हाला सोलायला बोलावलंत?"

म्हणून धाकट्यांच्या वेळी पाणक्या सोमानं एकेक तोटी मोठ्यानं समजावली. ते भडकले, "आता न्हायलाही शिकवतोस?"

राजांनी सोमाला फर्मावलं, "उद्या दोघं पुन्हा न्हातील. ज्याला ठाऊक नाही, त्याला सांगायचंच. ज्याला ठाऊक आहे, त्याच्या कानावर अक्षरही पडायचं नाही. आणि कुणाला काही विचारायचं नाही! पुन्हा रुसले, तर तू गावाबाहेर!"

सोमा घरी येऊन मटकन बसला. त्याची लेक चंद्री म्हणाली, "बाबा, उद्या मी जाते. तोट्यांपाशी पडदा बांधा, त्याला छोटा झरोका ठेवा. मला फक्त हात दिसले की पुरे!"

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी हत्ती जपून, अर्धाच फिरवला. चंद्री गप्प. मग हात माशाकडे वळला आणि मध्येच थांबला.

"वाळ्याचं, गार," पडद्याआडून हळूच आवाज आला. हात पुढे गेला.

धाकट्यांचा हात कुठेच अडला नाही. चंद्रीनं तोंड उघडलं नाही. दोघे जावई गुणगुणत बाहेर आले आणि थेट पानावर बसले!

राजे चक्रावले. त्यांनी चंद्रीला बोलावून दरडावलं, "चोरून विचारलंस ना?"

"नाही महाराज. आपणच न्हाऊन बघा!"

राजे आत गेले, चंद्री पुन्हा पडद्याआड. आजवर त्यांना चार नोकर न्हाऊ घालत. तोटीला कधी बोट लावलं असेल तर शपथ! सिंहापाशी हात थांबला.

"डोक्यावर कोसळतं!" पडदा बोलला.

"पोरी!" राजे गरजले. "माझ्याच न्हाणीघरात मला शिकवतेस?"

"छे छे, महाराज! आपल्याला सारं ठाऊकच आहे. मी फक्त आपल्या हाताला सांगितलं. बिचारा अधांतरी अडला होता!"

राजे ओलेत्यानंच खो खो हसत सुटले. सोमाची चाकरी कायम झाली आणि चंद्रीपुढे चांदीच्या ताटात अनारसे आले.

"घे, जावयाचं वाण! पण पदराखाली झाकून ने हो. ते दोघं बघतील, तर पुन्हा रुसतील!"

तुम्हीही एखादा दिवस हसवण्याचा नेम धरून बघा बरं का, बाई!