निरंक माळ

रानावर वाघाची हुकमत होती तेव्हाची गोष्ट. चार मुलखांच्या चार तऱ्हांच्या नोंदी वाघाला उमगेनात, म्हणून त्यानं साळिंदराला सगळ्यांची मिळून एकच वही करायला सांगितलं. साळिंदरानं अंगातला काटा उपसला आणि रकाना आखला: घर कोणत्या झाडापाशी?

माळावर टिटवी म्हणाली, "साळिंदरभाऊ, इथं झाड कुठलं? माझी अंडी उघड्यावर, खड्यांत असतात. तुमचं बीळही इथंच ना?"

"बाई, त्याला रकाना नाही." वहीवाल्याला कोण हलवतंय, असं मनाशी म्हणत त्यानं अख्ख्या माळापुढे 'निरंक' लिहिलं. वही देखणी झाली. वाघानं पाठ थोपटली.

आठवड्यानं साळिंदर घरी परतला, तर रानडुकरांनी माळ उकरून टाकलेला. टिटवी फुटक्या अंड्यांभोवती टाहो फोडत होती. बिळाच्या जागी चिखल होता आणि आतून पिलांचा आवाज येत नव्हता.

"इथं माझं घर होतं!" साळिंदर किंचाळला.

म्होरक्या डुकरानं शांतपणे वहीचं पान पुढे केलं. "रिकामी जागा म्हणून वाघानं दिली आम्हाला. बघा की, अक्षर तुमचंच आहे."