वाचून सप्रेम भेट

आमच्या गावच्या वाचनालयाचा एक जुना नियम आहे. पुस्तक भेट देणाऱ्याने ते आधी स्वतः वाचायचं आणि पहिल्या पानावर ‘वाचून सप्रेम भेट’ असं लिहून सही करायची. अध्यक्ष बळवंतराव नेने यांनी अशा सह्या करून अख्खं कपाट भरलं होतं.

दर गुरुवारी वाचकांची बैठक भरते. शहात्तर वर्षांच्या सुनंदाबाई खोत एकदा तिथे ई-रीडर घेऊन आल्या. बारीक टाइप दिसेनासा झाल्यावर लेकीने तो आणून दिला होता. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. वाचलेल्या कादंबरीबद्दल बोलायला त्या उभ्या राहिल्या, तोच बळवंतरावांनी हात वर केला.

“बाई, पानं उलटल्याशिवाय त्याला वाचन म्हणत नाहीत. पुढच्या गुरुवारपासून या यंत्रवाल्यांना बैठकीत जागा नाही.”

“बरं,” सुनंदाबाई म्हणाल्या, “मग तुमच्या कपाटातलं एखादं द्या. पानं उलटून वाचते.”

बळवंतरावांनी खुशीत सगळ्यात जाडजूड ग्रंथ काढून दिला. बाईंनी पहिल्या पानावरची सही सगळ्यांना वाचून दाखवली. पुढची पानं मात्र सुटी होईनात. छापखान्यातून आली तशी ती वरच्या कडेला जोडलेलीच होती.

बाईंनी पानं कापायला ग्रंथपालांकडून पट्टी मागून घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, “अध्यक्षसाहेब, पानं न उलटता वाचायला मला या वयात यंत्र घ्यावं लागलं. तुम्हाला ते यंत्राशिवायच जमत होतं.”