हौदाकडे पाठ

एकदा एक व्यापारी जुने पोस्टकार्ड घेऊन कालव्याकाठच्या एका गावी आला. त्या गावापाशी कालव्याचे पाणी एकदम खालच्या पातळीला जाई, म्हणून मध्ये एक खोल दगडी हौद बांधला होता. त्याची दोन्हीकडची दारे उघडमीट करून नावा वर चढवीत, खाली उतरवीत. दारांची राखण एका वृद्धाकडे होती आणि एक तरुण मुलगी त्याच्या हाताखाली ते काम शिकत होती.

पोस्टकार्डावर याच हौदाचे चित्र होते. हौदातल्या उथळ पाण्यात मासे दाटलेले, आणि काठावर एक कोळी त्यांच्याकडे पाठ करून वरच्या कालव्यात गळ टाकून बसलेला. टोपली रिकामी. खाली गावाचे नाव आणि दोन शब्द : वेडा कोळी.

"शहरात लोक पोट धरधरून हसायचे हे बघून," व्यापारी म्हणाला. "पुन्हा छापतोय. हातोहात खपेल."

मुलगी पेटली. "आधी गावाचं नाव काढा त्यावरून! इथे कुणी वेडं नाही. हे बघा!" तिने जाळे उचलून हौदात बुडवले आणि मासे भरून वर ओढले.

वृद्ध उठला. त्याने जाळे तिच्या हातून घेतले, मासे वरच्या कालव्यात सोडले आणि गळ घेऊन, हौदाकडे पाठ करून बसला. थेट चित्रातल्यासारखा.

"आबा, अजून हसं करून घ्यायचंय? बोला तरी काही! गप्प बसलं की माणूस ज्ञानी दिसतो, असं वाटतं का तुम्हाला?"

वृद्ध हसला. "पोरी, हौदाची दारं कुणी लावली?"

"मी. सकाळी, नाव उतरवल्यावर."

"म्हणजे नावेमागून आत आलेले मासे तू कोंडलेस. दारं आपल्या हाती दिली ती नावांसाठी. त्या दारांनी जे कोंडलं, त्यावर जाळं टाकायचं नाही, ही या गावची रीत. कालव्यातल्या माशाला पळायला वाट असते. त्याला धरणं ही खरी कोळ्याची विद्या. त्या दिवशी या चित्रातल्या कोळ्याच्या घरी चूलही पेटली नसेल. हौद भरलेला, हाताच्या अंतरावर. तरी तो वळला नाही. सोपं वाटतं तुला हे?"

मुलीने पोस्टकार्ड पुन्हा हाती घेतले. कोळ्याची टोपली रिकामी होती, पण पाठ कशी ताठ होती! मघाशी तिला ती दिसलीच नव्हती.

ती गेली आणि तिने हौदाचे खालचे दार उघडले. मासे वाट सापडताच निघून गेले.

व्यापारी ओशाळून म्हणाला, "बरं बाई, काढतो गावाचं नाव."

"नाव काढायचं नाही," ती म्हणाली. "'वेडा'सुद्धा राहू द्या. गावाचं नाव तेवढं मोठ्या अक्षरांत छापा."