जुन्या पाटीला कुंकू

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की तेव्हा शाळा दसऱ्याला सुरू व्हायची आणि पाटी-लेखण, दप्तर आणि खाली घालायला एक बस्कर एवढं मिळालं की पोर शिकायला मोकळं. एका गावात गोधड्या शिवणारी एक बाई राहत होती. तिचं नाव भिवरा. नवरा देवाघरी गेलेला, पदरात दोन जुळ्या मुली, सुंदरा आणि बकुळा. भिवराचा हात असा, की तिची गोधडी पांघरली की माणूस सकाळी उठायचं नाव काढत नसे. तोंडही हाताइतकंच चालायचं, पण हे गावातले लोक जरा हळू आवाजात सांगायचे.

गाव तसं गुणाचं, पण त्याला एक खोड होती. दसऱ्याला शाळेच्या दारात पाटीपूजन व्हायचं. पाटलीणबाई हळदकुंकवाचं तबक घेऊन उभ्या राहायच्या आणि एकेका पोराच्या पाटीला नि दप्तराला कुंकू लावायच्या. कुंकू लागलं की पोर आत. पण पाटी कोरी करकरीत पाहिजे, दप्तर नवं पाहिजे, बस्करसुद्धा नवं. गेल्या वर्षीची पाटी म्हणजे उष्टी पाटी, आणि उष्ट्याला कुंकू नाही. ही नवलाई बघायला पंचक्रोशीतून माणसं यायची, आणि त्या दिवशी पाटलीणबाईंची मान वीतभर उंच असायची.

आता ज्याच्या घरी चार पोरं, त्याने काय करावं? एकाला शाळेत घालावं आणि तिघांना गुरांमागे धाडावं. तसंच चाललं होतं. शाळा चांगली ऐसपैस, आणि आत पोरं किती, तर अकरा. गुरुजी बिचारे पोरांपेक्षा भिंतींनाच जास्त शिकवायचे. त्यांना ही रीत मुळीच पटत नव्हती, पण पाटलीणबाईंपुढे तोंड उघडायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडायची.

त्या वर्षी सुंदरा-बकुळाला सातवं लागलं. भिवराने पावसाळाभर खपून एक मोठी गोधडी शिवली आणि वाण्याकडे नेली. वाण्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"काम छान आहे," तो म्हणाला. "हिच्या बदल्यात एक पाटी, एक दप्तर, एक बस्कर देतो. दोन मागू नकोस, परवडायचं नाही."

दुसरी गोधडी दसऱ्याच्या आत होणं शक्य नव्हतं. भिवरा गोधडी तशीच घेऊन परत आली. विचार करते म्हणाली, पण विचार करण्यासारखं त्यात होतं काय? एक पाटी म्हणजे एक मुलगी.

दुपारी जेवताना सुंदराने विचारलंच, "आई, आमच्यातली कोण जाणार शाळेत?"

भिवरा भाकरी मोडत राहिली.

"हिला जाऊ दे," बकुळा म्हणाली. "मला सुईत दोरा ओवता येतो. मी राहीन घरी." म्हणाली खरी, पण ताटातली भाकरी तशीच ठेवून उठून गेली. सुंदराने मग आपलंही ताट सरकवलं.

दोघी एका दिवशी जन्मल्या, एका पाळण्यात वाढल्या. आता एकीला अक्षर द्यायचं नि दुसरीला सुई, आणि हे कुणी ठरवायचं, तर जन्म देणारीने. तिच्याच्याने ते होईना.

दोन दिवसांनी पाटलीणबाईंचं बोलावणं आलं. थंडीसाठी गोधडी हवी होती. "जुनी लुगडी माळ्यावर आहेत. चढ आणि घे उतरवून," त्या म्हणाल्या.

भिवरा शिडीवरून माळ्यात डोकावली. लुगड्यांची गाठोडी होतीच, पण त्यांच्या पलीकडे लाल फडक्यात काहीतरी बांधून ठेवलेलं होतं. तिने फडकं सोडलं. आत पाट्या. शेजारच्या फडक्यात आणखी पाट्या. पाटलांच्या चार पोरांच्या, दरवर्षीच्या, एकावर एक रचलेल्या. काहींवर तर जेमतेम चार ओळी लिहून झालेल्या. दप्तरांचा ढीग वेगळाच, आणि त्यात उंदरांनी संसार थाटलेला.

"पाटलीणबाई, ह्या एवढ्या पाट्या ठेवल्यात कशाला?" भिवराने वरूनच विचारलं.

"मग काय टाकून देऊ? सरस्वती आहे ती. नुसता पाय लागला तरी आपण नमस्कार करतो."

"मग वापरत का नाही?"

"उष्ट्या आहेत ना त्या."

"म्हणजे टाकायच्याही नाहीत आणि वापरायच्याही नाहीत. मग सरस्वतीने इथे बसून करायचं काय, उंदीर सांभाळायचे?"

पाटलीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. पण बाई मनाने वाईट नव्हत्या. भिवराच्या घरी दोन मुली आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. "तुला हव्या तर दोन ने," त्या म्हणाल्या. "दप्तरंही ने. पण आधीच सांगून ठेवते, दारात त्यांना कुंकू लागायचं नाही. माझ्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे, मी मोडणार नाही. मग दोघी पोरी वर्षभर घरी बसल्या, तर मला बोल लावू नकोस."

भिवराने पाट्या निवडून घेतल्या. एक मधोमध तडकलेली निघाली, ती तिने बाजूला ठेवली. मोडलं ते मोडलं, त्याला कोण काय करणार? दोन धड पाट्या तिने घरी आणल्या, कोळसा आणि पाल्याचा रस चोळून काळ्याभोर केल्या. एकीची चौकट खिळखिळी झाली होती, ती सुताराकडून घट्ट करून घेतली. दप्तरं उंदरांनी कुरतडली होती, तिथे ठिगळं लावली. ठिगळं लावावीत तर भिवरानेच, असं वाटावं इतकी ती देखणी होती.

शेजारीण हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "अगं, वेडी की काय तू? वाण्याकडून एक नवी पाटी घे आणि एकीला तरी पाठव. दोघींसाठी हट्ट धरशील आणि दोघींनाही घालवून बसशील."

बोलणं खोटं नव्हतं. एकीला नेलं तर एकीचं नक्की होतं. दोघींना नेलं तर कदाचित एकीचंही नाही. भिवराला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

तेवढ्यात खंडेनवमी आली, म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी जो तो आपल्या हत्यारांची पूजा करतो. भिवरानेही आपली कात्री धुतली, पुसली, पाटावर ठेवली आणि कुंकवाचं बोट टेकवलं. ही कात्री तिच्या सासूची. पाती झिजून निम्मी झालेली, पण कापडावर लोण्यासारखी चालायची. बोट कात्रीवर ठेवून भिवरा तशीच बसून राहिली. मग ताडकन उठली आणि गावातून एक फेरी मारून आली. लोहाराकडे गेली, सुताराकडे गेली, कुंभाराकडे गेली, पाटलांच्या ओसरीवरही डोकावली. काय पाहिलं ते कुणाला बोलली नाही. परत येताना वाण्याच्या दुकानाशी थांबली.

"माझी वाट बघू नका," ती त्याला म्हणाली. "गोधडी द्यायची नाही. पोरींना लागेल थंडीत."

दसऱ्याच्या सकाळी शाळेपुढे ही गर्दी. झेंडूची तोरणं, नवी दप्तरं, नव्या पाट्यांचा वास. अकरा पोरं एकेक करून कुंकू लावून आत गेली. जी शाळेत जाणार नव्हती ती पोरं कुंपणाबाहेरून बघत होती, दरवर्षीसारखीच. सगळ्यांच्या शेवटी भिवरा आली, एका हाताला सुंदरा, एका हाताला बकुळा. दोघींच्या छातीशी पाट्या.

पाटलीणबाईंचं बोट तबकातच थांबलं. "भिवरा, मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. मी विसरले नाही."

"मग आता शोभा का करून घेतेस? पाट्या उष्ट्या आहेत."

"बाई, एक विचारते, राग मानू नका. काल तुमच्या ओसरीवर तलवारीची पूजा झाली. ती तलवार कधी घेतलीत?"

पाटील बाजूला उभे होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "घेतली कसली? सात पिढ्यांची आहे ती."

"आणि तिला कुंकू?"

"पहिलं कुंकू तिलाच."

भिवरा वळली. "लोहारदादा, तुमचा हातोडा?"

"माझ्या आज्याचा," लोहार म्हणाला. "दांडा मोडला तेव्हा तेवढा दांडा बदलला. नवा हातोडा हाताला बसायला दोन वर्षं जातात, बाई. कोण दरवर्षी नवा घेईल?"

"कुंभारमामा, तुमचं चाक?"

"बापाचं," कुंभार म्हणाला, आणि लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"माझी कात्री माझ्या सासूची," भिवरा म्हणाली. "काल साऱ्या गावाने जुन्याच वस्तू पुजल्या. जितकं जुनं तितका मान जास्त. त्यांनी काम केलं म्हणून आपण त्यांच्या पाया पडलो. मग एका रात्रीत असं काय झालं? पाटीनेही कामच केलंय. तिच्यावर एक पोर शिकलं, हा तिचा गुन्हा झाला का? पाटलीणबाई, माझ्या दोन मुली आहेत. एकीला आत घालून दुसरीला परत नेणं मला जमणार नाही. लावायचं तर दोघींना लावा, नाहीतर दोघींना घेऊन जाते."

पाटलीणबाई लाल झाल्या. त्यांनी तबक या हातातून त्या हातात घेतलं.

तेवढ्यात दारात हालचाल झाली. गुरुजी बाहेर आले. त्यांच्या काखेत त्यांची पाटी होती, कोपरे झिजून गोल झालेली. घसा खाकरून ते म्हणाले, "पाटलीणबाई, मी ज्या पाटीवर शिकवतो ती माझ्या गुरूंची आहे. त्यांनी तिच्यावर चाळीस वर्षं शिकवलं. ती उष्टी असेल तर मलाही आत बसता येणार नाही." एवढं बोलून ते खरोखरच पायऱ्या उतरले आणि जुळ्यांच्या मागे रांगेत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते पाटलीणबाईंपुढे बोलले होते, आणि त्यांच्या घशाला कोरड पडली नव्हती.

पाटलीणबाईंनी बकुळाच्या पाटीकडे पाहिलं. पाटी ओळखीची होती, त्यांच्याच थोरल्याची. आरशासारखी काळीभोर चमकत होती. त्या जरा वाकल्या.

"काय ग, हिच्यावर काय लिहिशील?"

"मला अजून येत नाही," बकुळा म्हणाली. "शिकवलं की लिहीन."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तबकात बोट बुडवलं आणि बकुळाच्या पाटीला कुंकू लावलं, सुंदराच्या पाटीला लावलं, ठिगळाच्या दप्तरांना लावलं, आणि गुरुजींच्या पाटीला तर हात जोडून लावलं. मग त्या पाटलांकडे वळल्या. "गड्यांना सांगा, माळा रिकामा करा. सगळ्या पाट्या इथे आणा."

पुढे जे झालं ते बघायला हवं होतं. पाटलांचा माळा रिकामा झाला म्हटल्यावर बाकीचे मागे कशाला राहतात? गावात घरोघरी असाच एकेक माळा होता. बाया पदर खोचून शिड्या चढल्या, झाडून पुसून पाट्या खाली आल्या. कुंपणाबाहेरची पोरं कुंपण ओलांडून आत आली. जिला पाटी मिळाली तिला दप्तर नाही, ज्याला दप्तर मिळालं त्याला बस्कर नाही, कुणी पोत्यावर बसलं, कुणी नुसत्या जमिनीवर. तबकातलं कुंकू दोनदा संपलं आणि दोनदा आणावं लागलं. पंचक्रोशीतून आलेली माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली. पाटलीणबाईंची मान त्या दिवशीही उंच होती, आणि या वेळी तिला कारण होतं.

दारातच बाईंनी नवी रीत सांगून टाकली: ज्याची पाटी फुटली, ज्याचं दप्तर विरलं, त्याने खुशाल नवं घ्यावं आणि मिरवावं. बाकीच्यांनी जुनंच धुऊन पुसून आणावं. कुंकू दोघांना सारखंच लागेल.

दुपारी शाळा भरली. अकरा पोरांची शाळा त्रेचाळीसची झाली होती. गुरुजींनी "श्री" म्हटलं आणि त्रेचाळीस पोरांनी ते असं ओरडून म्हटलं, की छपरावरची कबुतरं उडाली. बाहेर भिंतीला टेकून भिवरा ऐकत होती. आपल्या पोरींचे आवाज त्यातले कोणते, ते ओळखायचा तिने खूप प्रयत्न केला. ओळखता येईनात. इतकी पोरं होती आत. तिने पदराने डोळे पुसले आणि हसत हसत घरची वाट धरली.

तात्पर्य: मोडलं असेल ते बदलावं, पण नुसतं जुनं झालं म्हणून काही दूर लोटू नये, एका पोराला शिकवून मोकळी झालेली पाटी दुसऱ्या पोराची वाट बघत असते.