चिरवणच्या खिंडीतला उलटा कौल

चिरवणच्या खिंडीच्या माथ्यावर एक दगडी चौथरा आहे. त्यावर रोज फूल पडतं, पण देव नाही. देव खाली, गावाकडच्या उतारावर, रस्त्याच्या मधोमध बसलाय. खोलीएवढी काळी शिळा. आता कडा फोडून रस्ता रुंद केलाय, म्हणून एसटी तिला वळसा घालून जाते. देव असा वाटेत का, असं पाहुण्यांनी विचारलं की टपरीवाले तातू पेले विसळता विसळता सांगतात.

या खोऱ्यावर तेव्हा फिरंग्याचं राज्य होतं म्हणे. गावाने त्याचं ठाणं जाळलं, म्हणून तोफा घेऊन फौज समुद्राकडून निघाली. तोफा खिंडीपलीकडे आल्या की गावाची राख होणार. गावाकडे हत्यार एकच, तेव्हा माथ्यावर असलेला हा देव, आडोबा. ती शिळा फौजेवर लोटायची. पण देवाला विचारल्याशिवाय हात कोण लावणार?

विचारायचं बाबल गुरवाने. त्याला मूलबाळ नव्हतं. सुखदुःख बोलायला आडोबाच. त्याने ओल्या पाकळ्या शिळेला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"देवा, तुला ढकलू का?"

डावी पडली. पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. बाबलला आतून बरंच वाटलं. पण खालून तोफगाड्यांची करकर ऐकू येत होती.

त्याची बायको रखमा म्हणाली, "तुम्हाला जेवता का विचारलं की तुम्ही नाहीच म्हणता. उपाशी राहता का म्हटलं की पाट घेऊन बसता. देव तुमच्यासोबत राहून तसाच झालाय."

बाबलने घसा खाकरला. "देवा, इथेच राहतोस का?"

डावी पडली.

गावाने पहारी लावल्या. शिळा हलली, जरा थांबली आणि फौजेकडे न जाता गावाकडे गडगडत गेली. खाली खिंडीच्या अरुंद घशात जाऊन घट्ट बसली.

धाकोजी गावकर म्हणाला, "बाबल, तुझा देव फितूर निघाला."

सगळे दोन्ही कड्यांवर चढून दगड जमवत बसले.

माथा मोकळा बघून फौज खुशीत आत उतरली. पुढे शिळा, मागे स्वतःच्याच तोफा, आणि बैल वळवायला जागा नाही. कड्यांवर गाव. मे महिन्याचं ऊन, आणि झरा शिळेपलीकडे. दुसऱ्या दिवशी कप्तानाने टोपी काढून पाणी मागितलं. बाबलने शिळेवर चढून घागर खाली सोडली. तोफा तिथेच टाकून फौज आली तशी परत गेली. या खोऱ्यातलं फिरंग्याचं राज्य तिथे संपलं, असं सांगतात.

गावात ढोल वाजत होते, तेव्हा बाबल रिकाम्या चौथऱ्यापाशी बसला होता. गावाने पुढे देवाला दोर लावून वर ओढून पाहिलं. तो तसूभर हलला नाही. शेवटी बाबल चौथऱ्यावरून म्हणाला, "देवा, वर येऊ नकोस हां. तिथेच बस. माझं काही अडत नाही." मरेपर्यंत तो रोज हेच म्हणत राहिला.

आजही इथे कौल उलटाच लावतात. मुलीचा बाप विचारतो, "लग्न मोडू का?" आणि आजही गावचा गुरव संध्याकाळी चौथऱ्यावर फूल ठेवून म्हणतो, "येऊ नकोस हां."

मागे बांधकाम खात्याने शिळेला अगदी खेटून, चहूबाजूंनी पांढरा पट्टा मारला होता. आता खालच्या अंगाला पट्टा आणि शिळा यांच्यामध्ये वीतभर जागा पडलीय. वरच्या अंगाचा पट्टा दिसत नाही.

"त्याला घाई नाही," तातू म्हणतात. "आणि आम्हीही बोलावत नाही."